तालीमबहाद्दर

रत्नागिरीत हापूसची बाग राखावयाची म्हणजे कलमे, खते, फवारण्या आणि वर पुन्हा अवकाळी पावसाची मर्जी, इतक्या गोष्टी जुळून याव्या लागतात. नाटकवेडा मात्र येथे बिनखताचा उगवतो. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत इंग्रज सरकारने या जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवले आणि राजकारण वर्ज्य केले, तेव्हा त्यांनीसुद्धा येथे बसून 'संगीत उःशाप' आणि 'संगीत संन्यस्त खड्ग' ही नाटके लिहिली. मग ज्याच्यावर शाळेच्या हजेरीपटाखेरीज दुसरा कोणताही सरकारी निर्बंध नाही, ज्याच्या गावी त्याच सावरकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे आणि ज्याच्या आजोळच्या अंगणात दर शिमग्याला खेळ्यांबरोबर संकासुर नाचून जातो, अशा पोराने भूमितीच्या प्रमेयांत रमावे ही अपेक्षा पालकांनी कोणत्या आधारावर करावी?

या पोराला मी तालीमबहाद्दर म्हणतो. येथील प्रत्येक हायस्कुलात तो एक तरी असतोच. नसल्यास स्नेहसंमेलनाची सूचना फलकावर लागताच उत्पन्न होतो. कोणत्याही कार्याची पूर्वसिद्धता करण्याचे विलक्षण सामर्थ्य त्याला जन्मतः लाभलेले असते. प्रत्यक्ष कार्याशी त्याचे फारसे सख्य नसते, इतकेच.

मला जवळून ठाऊक असलेला नमुना गेल्या वर्षी नववीत होता आणि डिसेंबरातील संमेलनात त्याच्या वाट्याला हुजऱ्याची भूमिका आली होती. नाटक ऐतिहासिक, प्रवेश दुसरा, वाक्य एक : "महाराज, विजापूरचा वकील दरबारी रुजू झाला आहे." एवढ्या अल्प भांडवलावर त्याने जो कारभार मांडला, तो एखाद्या संस्थानच्या दिवाणालाही झेपला नसता. हुजऱ्याचे वय काय असावे, त्याच्या घरी माणसे किती, वकिलाविषयी त्याचे खाजगी मत काय, इत्यादी बाबींचा खुलासा त्याने नाटक बसविणाऱ्या मराठीच्या बाईंकडे लेखी मागितला. बाईंनी "तू फक्त वेळेवर आत ये" एवढाच निकाल दिला. तो त्याला कलेच्या दृष्टीने अपुरा वाटला. घरी तर महिनाभर दरबारच भरलेला होता. "मातोश्री, दूधवाला दरबारी रुजू झाला आहे," अशी वर्दी रोज सकाळी स्वयंपाकघरात जाऊ लागली आणि "मेल्या, मग पातेलं घेऊन जा की खाली!" हे मातोश्रींचे फर्मान तितक्याच इतमामाने बासनात बांधले जाऊ लागले.

भाड्याने आणलेल्या मिशा येथल्या दमट हवेत गोंदाशी फार काळ इमान राखीत नाहीत, म्हणून रंगभूषा करणाऱ्या गृहस्थांनी पेन्सिलीने मिशी कोरण्याचा सल्ला दिला होता. पण कोरलेली मिशी हुजऱ्याच्या घराण्यास कमीपणा आणील, असे ठरवून आमच्या बहाद्दराने झुपकेदार मिशी हट्टाने चिकटवून घेतली. विंगेत तासभर घाम गाळल्यावर तिची उजवी बाजू सुटली आणि मुजऱ्यासाठी तो वाकला तेव्हा ती ओठांवर लोंबू लागली. त्याने प्रसंगावधान राखून तर्जनी ओठांवर दाबली. सिंहासनावरील महाराज नववी 'ब'चे असून मुळातच भेदरलेले होते. ही खूण आपणास गप्प बसविण्यासाठी आहे असे समजून त्यांनी तोंडावर आलेले स्वगत गिळून टाकले. हुजऱ्याला बोट काढवेना, महाराजांना बोलवेना, आणि आतून बाई शेवटच्या रांगेतील पालकांनाही स्पष्ट ऐकू जाईल अशा कुजबुजीत "वकील रुजू, वकील रुजू" म्हणत राहिल्या. अखेर वकीलच कंटाळून वर्दीवाचून आत शिरला. एक महिना घोटलेले ते वाक्य बहाद्दराकडे अद्याप शिल्लक आहे.

त्याला हसणाऱ्यांत मीही होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आणि वकील अंथरुणात लोळत असता भाड्याचे पोशाख मोजून बांधणारा, पत्र्याच्या तलवारींची यादीबरहुकूम झडती घेणारा आणि महाराजांचा हरवलेला एक जोडा नेपथ्याच्या बुरुजामागून हुडकून काढणारा इसम तोच होता, हेही नमूद केले पाहिजे.

कलेने असा दगा दिल्यावर तो बलोपासनेकडे वळला. मारुती मंदिराच्या बाजूस तो रोज संध्याकाळी जातो, परंतु देवाला बाहेरूनच नमस्कार करून जिमच्या आरशासमोर उभा राहतो. त्याच्या आजोबांच्या लेखी व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्यांचा केवढा प्रसार केला आणि त्यास सतरंजीपलीकडे एक कवडीही लागत नाही, हे ते जेवताना ऐकवतात. नातवाच्या मागणीपत्रात मात्र हातमोजे, कमरेचा पट्टा आणि जिची किंमत ऐकून वडिलांनी चष्मा काढून पुसला अशी प्रोटीन पावडर आहे. ज्या कुळथाच्या पिठीकडे पाहून तो नाक मुरडतो, त्या कुळथात दर १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण कुळथाच्या डब्यावर फुगलेल्या दंडाचे चित्र नसते, त्याला कोण काय करणार? स्वतःच्या दंडाचे माप तो आईच्या शिवणाच्या टेपने दर रविवारी घेतो आणि वहीत तारीखवार नोंदवितो. टेप दर खेपेस किंचित सैल धरली जात असल्यामुळे प्रगती अखंड आहे.

मध्यंतरी चालण्याचे पर्व आले. मनगटावरचे घड्याळ दिवसाला १०,००० पावलांचा महसूल मागू लागले. (हा आकडा वैद्यकाने ठरविलेला नसून १९६५ च्या सुमारास जपानात एक पाऊलमापक खपविण्याच्या निमित्ताने रूढ झाला, असे मी त्यास सांगून पाहिले, त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले.) इतकी पावले स्वतः टाकणे परीक्षेच्या दिवसांत अशक्य, म्हणून त्याने आपल्या सात वर्षांच्या चुलतभावास एका कुल्फीच्या मेहनतान्यावर कुलमुखत्यार नेमले. भाट्याच्या किनाऱ्यावर मुखत्यार घड्याळ बांधून खेकड्यांमागे धावे आणि मूळ धनी सुरूच्या सावलीत भेळ खात बसे. वसुली वेळेवर होत असे.

आता तो दहावीत आहे. कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के लागला. असल्या मुलखात अनुत्तीर्ण व्हावयास स्वतंत्र परिश्रम लागतात, त्यामुळे वडील त्याविषयी निश्चिंत आहेत. अभ्यासाचे वेळापत्रक, चार रंगांच्या शायांत पट्टीने रेघा मारून, जूनपासून भिंतीवर लागलेले आहे. त्याची अंमलबजावणी गणपतीत तहकूब झाली, नवरात्रात झाली, आणि आता दिवाळीनंतरचा मुहूर्तही डळमळीत दिसतो. कारण यंदाच्या नाटकात त्याला अमात्याचे काम मिळाले असून वाक्ये दोन आहेत.