कोंबडीचा सरकारी दर

नंदुरबार जिल्ह्यात जनावराचा जन्म घ्यायचाच असेल तर घोड्याचा घ्यावा, आणि दत्तजयंतीच्या आधी धडधाकट होऊन सारंगखेड्याला हजर राहावं. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोडेबाजार फुलतो आणि घोड्याची जी बडदास्त ठेवली जाते ती पाहून जिल्ह्यातल्या जावयांनी मनाला लावून घेऊ नये. सकाळ-संध्याकाळ खरारा, दूध, तूप, अंगावर झूल. गिऱ्हाईक येतं, ओठ वर करून दात बघतं, गळ्याशी देवमणाचा शुभ भोवरा आहे का ते चाचपतं, पाय आणि कपाळ पांढरं निघालं की ‘पंचकल्याणी आहे’ असं मेव्हण्याच्या कानात सांगतं. किमती लाखांत असतात. एखाद्याची कोटीत सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात येतो. मग त्याला ढोलाच्या तालावर खाटेवर नाचवतात. खाटेवर नाचायची त्याला हौस आहे का, हे कुठल्याच भोवऱ्यावरून कळत नाही. त्यामुळे कुणी विचारतही नाही.

बैलाचंही तसं बरं चाललंय. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला धावण्यापासून सुट्टी दिली होती. 2017 साली आपल्या विधिमंडळानं शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला आणि मे 2023 मध्ये न्यायालयानंच तो वैध ठरवला. बैलगाड्यामागे मतदार धावतात, एवढं लोकशाहीला पुरतं.

आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नवापूरला या. इथल्या रेल्वे स्टेशनावरच्या बाकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. माणसं मधोमध बसून फोटो काढतात. पण नवापूरचं नाव जगभर झालं ते बाकामुळे नव्हे, कोंबडीमुळे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्र्यांत सापडला. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, जेसीबीनं खड्डे झाले, लाखो कोंबड्यांच्या माना मुरगळून त्यांच्यावर चुना पडला. तिकडे पुढारी चारचौघांत चिकन खाऊन जनतेला धीर देत होते. कोंबडीला धीर द्यायची सोय नव्हती. 2021 साली पुन्हा तोच प्रकार झाला. या खेपेला भरपाईचं दरपत्रक मात्र नीट होतं: आठ आठवड्यांवरची अंड्यावरची कोंबडी 90 रुपये, अंडं 3 रुपये, खाद्य किलोला 12 रुपये. पोल्ट्रीवाल्याचं घर यात बुडालं हे खरं, आणि त्याला भरपाई मिळायलाच हवी होती. पण मरणारीच्या खात्यावर काय जमा झालं, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

जिवंतपणी तरी काय होतं? 2023 च्या केंद्रीय नियमांनी अंड्यावरच्या कोंबडीला पिंजऱ्यात किमान 550 चौरस सेंटीमीटर जागा मंजूर केली. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ भरतं साधारण 624. म्हणजे ज्या कागदावर साहेबांनी हा नियम छापून घेतला, तो कागदच कोंबडीच्या वाट्याच्या जागेपेक्षा मोठा. तिथं पंख पसरता येत नाहीत, पायाखाली जाळी असल्यानं माती उकरता येत नाही. अशाच हजारो एकीला एक खेटून ठेवल्यावर रोग पसरला, तर दोष रानातून उडत आलेल्या पक्ष्यांचा.

यावर ठरलेलं उत्तर असतं : कोंबडीला कुठं एवढी अक्कल? इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमनं 1789 सालीच ही पळवाट बुजवली होती. त्याचं म्हणणं, जनावर विचार करतं का हे विचारू नका, त्याला दुखतं का ते विचारा. आपल्याला बेंथमपर्यंत जायचीही गरज नाही. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. त्या गाढवाचे दात नाथांनी तपासले नव्हते, देवमणही चाचपला नव्हता. कीर्तन संपलं की आपण अंडाभुर्जीच्या गाडीवर जमतो. नाथ पैठणला, आपण गाडीवर.

लगेच कुणी ओरडेल, ‘मग धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांच्या तोंडचं अंडं काढता की काय?’ मुळीच नाही. ज्या जिल्ह्याचं नाव कुपोषणाच्या बातमीशिवाय विधानसभेत निघत नाही, तिथल्या अंगणवाडीतलं अंडं एसी खोलीत बसून बंद करायला निघणाऱ्यांनी आधी तिथला एक पावसाळा काढून दाखवावा. उलट सातपुड्यातल्या पाड्यावर जाऊन बघा. तिथली गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, पिलं घेऊन हिंडते, संध्याकाळी आपल्या पायानं खुराड्यात जाते. एक दिवस तिची भाजी होते, पण तोवर ती कोंबडी म्हणून जगलेली असते. गरिबाच्या घरी तिला जे मिळतं, ते लाखो अंड्यांच्या धंद्यात परवडत नाही म्हणे. परवडत नाही, कारण दुकानात अंडं आठ आण्यांनी महागलं की आपण पुढच्या दुकानात जातो.

आता कायद्याचं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा. 2022 साली केंद्रानं शिक्षा वाढवायचा मसुदा काढून लोकांची मतं मागवली होती. पहिल्या गुन्ह्याला कायद्यातला दंड मात्र जुनाच आहे : कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. डझनभर अंडी याहून महाग पडतात.