पंच्याची साक्ष

मे महिन्यात दोन गावची मराठी माणसं रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसली की इगतपुरी यायच्या आत वाद ठरलेला: उन्हाळा कुणाचा मोठा? नागपूरकर २३ मे २०१३ चे ४७.९ अंश काढून समोर ठेवतो. चंद्रपूरकर ब्रह्मपुरीचं नाव पुढे करतो. जळगावकर केळीच्या बागांची शपथ घेतो. मुंबईकराच्या गाठीला जेमतेम ३४ अंश. तो ‘पण आमच्याकडे दमट असतं हो’ असं पुटपुटतो आणि सगळा डबा हसतो. आपल्याकडे रात्री गार वारा सुटतो, हे सांगायचं नाही असं पुणेकरानं ठरवलेलं असतं. थोड्या वेळानं तो ते सांगतोच. विदर्भाचा हा अभिमान यंत्रांनाही बाधतो की काय, कोण जाणे. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं थेट ५६ अंश दाखवले होते, आणि यंत्र बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाला करावा लागला.

माझं म्हणणं असं, की या खटल्यात पाऱ्याची साक्ष धरूच नये. जास्त भरवशाचा साक्षीदार म्हणजे ओला पंचा. संध्याकाळी मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात, खिडकीच्या गजाला तो बांधून पाहावा. दादर, ठाणे, कल्याण गेलं तरी गडी ओलाच. शेजाऱ्यांचा घाम पाहून त्याला आणखी पाझर फुटला नाही म्हणजे मिळवलं. कसाऱ्याचा घाट चढला की समुद्राची ओल बरीचशी सह्याद्रीच्या अलीकडे राहते, आणि मनमाडपर्यंत पंचा हलका होऊ लागतो. सकाळी बडनेऱ्याला पुन्हा भिजवला, तर वर्धा यायच्या आत तो पापडासारखा कडक. घामाचंही असंच आहे. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीत साध्या तापमापकाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला दुसरा तापमापक असतो, तो याच हिशेबासाठी. नागपुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा ओला तापमापक साधारण २३ दाखवतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर २८. पंच्याला विचाराल तर मुंबई नागपूरपेक्षा पाच अंशांनी गरम!

पटत नसेल तर कूलर पाहावा. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी सोडणारा इवलासा पंप आणि मधे घरघरणारा पंखा. यात गार करणारं यंत्र असं काहीच नाही. तहानलेली हवा ताटीतलं पाणी पिते आणि त्या नादात स्वतःची उष्णता गमावते. म्हणून विदर्भात ४४ अंशांचा झोत आत येताना तिशीच्या आसपास उतरतो, वर वाळ्याचा वास फुकट. हीच पेटी मुंबईत लावली तर आधीच पाण्यानं टम्म झालेली हवा आणखी एक घोट घेते, चादर ओलसर होते आणि माणूस होता तिथेच चिकचिकत राहतो.

यावर नागपूरकर म्हणेल, “हे तुमचं शास्त्र ठेवा बाजूला, लू लागून माणसं आमच्याकडे जातात.” हा आक्षेप खरा आहे. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा घाम वाळवतो आणि वरून उष्णताही ओततो. शिवाय घाम दिसायच्या आत उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. पण त्या उन्हाला निदान वेळापत्रक आहे. नवतप्यात दुपारी बारा ते चार ऊन मी म्हणतं, तेव्हा रस्ते ओस पडतात. निघायचंच झालं तर तोंडाला दुपट्टा, पोटात पन्हं, हाताशी माठ. तिथली सावली खरोखर सावली असते. मुंबईत सावलीत बसलं काय नि उन्हात काय, घाम तोच, आणि दुपारी एकची लोकल भरलेलीच. ज्याला उन्हातच राबायचं आहे त्याला मात्र दोन्हीकडे सुटका नाही, हेही खरं. आणि समुद्राकाठचा उन्हाळा नुसता त्रास देतो, जीव घेत नाही, असंही समजू नये. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघातानं माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. हवामान विभागाचा नियमही हेच सांगतो: उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात निदान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात. किनाऱ्याला ही तीन अंशांची सूट काही लाडानं दिलेली नाही.

मुंबईकराला एसी आहे, हा दुसरा आक्षेप. आहे ना, २०१७ च्या नाताळापासून लोकलसुद्धा एसी झाली, अर्थात थोडीच. पण एसीच्या नळीतून चाळीच्या पत्र्यावर दिवसभर टपटपतं ते पाणी हवेतून पिळून काढलेलं असतं, आणि पिळण्याचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. कूलरच्या बिलात ते बसत नाही. तेव्हा आकड्याचा मान नागपूरनं खुशाल ठेवावा. उकाड्याचा निकाल मुंबईच्या बाजूनं. आणि बदली होऊन मुंबईला येणाऱ्या नागपूरकरानं कूलर तिकडेच विकून यावा. इकडे त्याला भंगाराचाच भाव येईल.