माझा कार्पेट एरिया

तीन बेडरूमचं घर विकून एक बेडरूमचं घेतलं, ही बातमी सोसायटीत फुटली आणि लोक आमच्याकडे समाचाराला येऊ लागले. शहाळी आणली नाहीत, इतकंच. समोरच्या वहिनींनी आत येऊन दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "लेकीशी काही बिनसलं का?" खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर ह्यांना जिन्यातच गाठलं. "शेअर्समध्ये गेले का?" आपल्याकडे घर फक्त वाढायचं असतं. चाळीतल्या दोन खोल्या, मग वन रूम किचन, मग दोन बेडरूम, मग तीन आणि त्यानंतर थेट वैकुंठ. मधेच जो मागे फिरतो, त्याच्यामागे कर्ज, भांडण किंवा दुखणं यांपैकी एक काहीतरी असणारच, याबद्दल कुणाला शंका नसते.

"गुडघे," असं मी खरं कारण सांगून पाहिलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऐंशीच्या दशकात कोथरूडला ज्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांत लिफ्टचा विचारच नव्हता. तेव्हा आम्ही सगळे तिशीत होतो आणि कायम तिशीतच राहणार होतो. पुनर्विकासात लिफ्ट येईल म्हणून बरीच वर्षं थांबलो. सभा झाल्या, बिल्डरांची प्रेझेंटेशनं झाली, चहा-बिस्किटं झाली आणि अखेर सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. पण गुडघ्यांवर कुणाचं समाधान होईना. शेवटी मी "अपरिग्रह" असं सांगू लागले. त्यानंतर प्रश्न थांबले आणि माझी मान जरा ताठ झाली.

खरं तर ते मला शोभणारंही होतं. जन्मभर मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत किती पोरांना आंब्यांवर पटवून दिला असेल. पहिला आंबा अमृत, दुसरा छान, तिसरा ठीक, पाचव्याला नको म्हणावं लागतं. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात 'उतारवयातील अर्थनियोजन' या विषयावर बोलताना "मोठं घर म्हणजे अडकून पडलेलं भांडवल, ते मोकळं करा!" असं सांगून मी टाळ्याही घेतल्या होत्या. शेवटी शाल, श्रीफळ आणि संघाचं नाव घातलेला स्टीलचा डबा मिळाला. या डब्याची गोष्ट पुढे येईल.

माझ्या विरक्तीला पहिला धक्का एजंटाने दिला. "मॅडम, कार्पेट किती?"

"साडेअकराशे."

त्याने खिशातून लेझरचं यंत्र काढलं, चार भिंतींवर लाल ठिपका नाचवला आणि म्हणाला, "नऊशेच्या आत आहे. तुम्ही बिल्टअप सांगताय."

जुन्या करारांत बिल्टअपच लिहिलेलं असायचं आणि त्यात बाहेरच्या भिंतींची जाडीही मोजलेली असायची. २०१७ साली महारेरा आल्यापासून नव्या घरांचा हिशोब कार्पेटवर सांगावा लागतो. बाहेरच्या भिंती आणि बाल्कन्या त्यात धरत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं मी पाहुण्यांना ज्या ऐटीत साडेअकराशे सांगत होते, त्यातला बराच भाग विटा आणि प्लास्टरचा होता. शिवाय तो आकडा मी वर्षानुवर्षं नणंदेच्या नऊशे ऐंशीसमोर ठेवत आले होते. तिचे नऊशे ऐंशी कार्पेटचे निघाले तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवं घर वारज्याला आहे. क्षेत्रफळ चारशे वीस चौरस फूट, कार्पेट. ते चारशे वीस कलम २०२४ साली नव्या संहितेमुळे गेलं, आकड्याची बदनामी मात्र राहिली आहे. त्यामुळे मी आकडा सांगतच नाही. "लिफ्ट आहे," एवढंच सांगते.

मग आवराआवर. ह्यांचं काम सोपं निघालं. त्यांच्या वाट्याला वायरी, मेलेले चार्जर आणि टीव्ही जाऊनही जपलेलं टीव्हीचं खोकं. ते एकेक वस्तू हातात घेऊन "ही लागेल" म्हणायचे आणि ती मी भंगाराच्या पोत्यात टाकायची. माझं काम अवघड होतं, कारण माझ्याकडे संस्कृती होती. मराठी विश्वकोशाचे खंड बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, दारातून दिसतील असे लावलेले होते. पहिला खंड १९७६ सालचा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखालचा. मोठ्या मनाने ते एका वाचनालयाला द्यायचं ठरवून फोन केला. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न, "वाळवी नाही ना?" दुसरं वाक्य, "आमच्याकडे आहेत हो. आणि हल्ली लोक विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचतात." नकाराचं मला काही वाटलं नाही. लोक वाचतात, हे मात्र लागलं. मी पहिल्या खंडाच्या पुढे कधी गेले नव्हते.

पण पुस्तकांचं दुःख सांगणारे पुष्कळ आहेत. भांड्यांसाठी कुणी टाहो फोडत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी जरा ऐसपैस बोलणार आहे. कागदावर तरी जागा आहे.

माळ्यावरची भांडी खाली उतरवली आणि हॉलमध्ये लग्नघर अवतरलं. तांबे, पेले, वाट्या, पातेली, पितळ मोडीत घालून घेतलेले स्टीलचे डबे आणि ज्यांतून आजवर लिंबाचं सरबत कुणीही प्यायलेलं नाही असे लेमन सेट, खोक्यांसकट. प्रत्येक भांड्यावर नाव. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, "नाव घालायचंय?" मग पायरीवर बसलेला एक माणूस तुमच्या हातातली चिठ्ठी एकदा वाचायचा, पेला मांडीवर आडवा धरायचा आणि टर्र टर्र करत यंत्र चालवू लागायचा. आधी आखायचं नाही, पुसायचं नाही, वर बघायचं नाही. गोल भांड्यावर ओळ सरळ जायची. चुकलं तर मात्र इलाज नसे. आमच्याकडे एका पातेल्यावर 'सप्रेम भट' असं आहे. देणाऱ्यांचं आडनाव भट नाही.

या मजकुराची एक शिस्त आहे. आधी 'चि. सौ. कां.', मग निमित्त, मग तारीख आणि शेवटी देणाऱ्याचं नाव. जागा कमी पडली तर नवरीचं नाव आद्याक्षरांवर भागवतात, देणाऱ्याचं कधीही नाही. पिंपभर पाणी मावेल अशा घंगाळावर नुसती दोन अक्षरं असतात, पण चमच्याच्या दांड्यावर अख्खं घराणं 'व परिवार'सकट उतरतं. भेट जितकी लहान तितका मजकूर मोठा, हा नियम आल्फ्रेड मार्शलला पुण्यात दोन लग्नं जेवला असता तर सहज सापडला असता.

याहून अवघड म्हणजे माझ्याकडे निघालेले दुसऱ्यांचे डबे. डबा रिकामा परत करू नये, ही आपली रीत. तेव्हा काहीतरी चांगलं करू आणि मग देऊ, असं म्हणत मी ते ठेवून घेतले. दरम्यान काहीजणी नाशिकला गेल्या, एक अमेरिकेत मुलाकडे गेली. सगळ्यांवर मालकिणींची नावं. म्हणजे मुद्देमाल पुराव्यासकट माझ्या माळ्यावर. त्यातच संघाचा तो डबा दिसला. तो मी नणंदेला देऊन टाकला होता. तिने तो बेसनाचे लाडू भरून परत केला, "तुझ्या कार्यक्रमाचा दिसतोय" असं सांगून.

मोडवाल्याने ढीग पाहिला आणि बोटाने वाजवला. "नाव असलेल्या भांड्याला गिऱ्हाईक नसतं, ताई. वजनावर जाईल." भांडं जाऊ नये म्हणून नाव घातलं होतं. ते काम नावाने चोख केलं.

त्या ढिगात एक पितळी फुलपात्र होतं, काळं पडलेलं. चिंचेने घासलं तेव्हा काठाखाली अक्षरं वर आली. यंत्राची नव्हेत, छिन्नीने ठोकून, टिंबाला टिंब लावून काढलेली. 'कु.' आणि पुढे माझ्या आईचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं दुसरं नाव लिहिलं गेलं आणि तेच रेशनकार्डावर, दवाखान्याच्या फायलीवर आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर राहिलं. पहिल्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. मला ते नाव ऐकून माहीत होतं, लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आजोबांनी ते घालून घेतलं असेल ते बहुधा भांडं सासरी हरवू नये म्हणून. भांडं हरवलं नाही. नाव तेवढं हरवलं.

आई आधी वडिलांच्या घरी राहिली, मग सासऱ्यांच्या, मग नवऱ्याच्या, शेवटी मुलाच्या. प्रत्येक घर तिने घासूनपुसून लख्ख ठेवलं आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. याचा राग कुणावर काढावा ते कळलं नाही, म्हणून मी फुलपात्रच पुन्हा घासलं. नव्या घरी काय न्यायचं यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. फुलपात्रावर घातला नाही.

नव्या घराचं खरेदीखत मात्र माझ्या एकटीच्या नावावर झालं आहे. "घर तुझ्याच नावावर करू," असं हे एका संध्याकाळी गंभीरपणे म्हणाले, तेव्हा माझा गळा दाटून आला. नंतर कळलं की महाराष्ट्रात २०२१पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. इतक्या वर्षांच्या संसारावर १ टक्का, हा दर अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला वाजवी वाटतो. पण सवलतीसाठी का होईना, मी उंबऱ्याच्या आत आणि बाहेर मालकीण आहे. दारावरची पाटी करायला टाकली, तेव्हा ह्यांनी विचारलं, "आणि माझं नाव?"

म्हटलं, "तुमचं पातेल्यावर आहे."

लहान घराचे फायदे खरोखर आहेत. झाडू मारायला घेतला की लगेच भिंत येते. रुसून जायला दुसरी खोली नसल्याने भांडणं तिथल्या तिथे मिटतात. पाहुणे नऊ वाजता आपणहून उठतात. भिंतींसकट मोजून स्वतःला साडेअकराशे समजण्यापेक्षा, पाय ठेवता येईल तेवढंच आपलं म्हणणं गुडघ्यांना सोसतं.

तेव्हा सवडीने चहाला या. पातेली, पेले, लेमन सेट यांतलं काही हवं असेल तर येताना मोठी पिशवी आणा. 'सप्रेम भट' सोडून सगळं द्यायचं आहे. ज्यांचे डबे माझ्याकडे आहेत, त्यांनी ते रिकामे स्वीकारावेत, ही हात जोडून विनंती. आणि काही घेऊन यायचंच असेल, तर केळी आणा. त्यांच्यावर नाव घालता येत नाही.