प्रिंटर चालेल का?

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रचारक लग्नाच्या पंगतीत चटकन ओळखू येतो. शेजारच्या काकांनी ‘आमचा कॉम्प्युटर हल्ली फार रखडतो’ एवढं म्हणायचा अवकाश, याची जिलबी ताटात तशीच राहते. १९९१ सालचं हेलसिंकी, तिथे लिनक्स सुरू करणारा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, सोर्स कोड सगळ्यांना खुला असण्याचं महत्त्व, जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांवर असलेलं लिनक्सचं राज्य, मठ्ठा येईपर्यंत सगळं सांगून होतं. काका शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, ‘‘प्रिंटर चालेल का?’’

खरं उत्तर ‘बहुधा चालेल, मॉडेल सांगा’ इतकं सोपं आहे. पण प्रचारक ड्रायव्हर न देणाऱ्या कंपन्यांवर घसरतो आणि हाताशी आलेले काका गमावतो.

‘फुकट आहे’ हा हुकमाचा पत्ताही आपल्याकडे फारसा चालला नाही. गल्लीतला असेंबलर मशीनबरोबर चोरीची विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि वर दोन गेम टाकून द्यायचा. त्याच्यापुढे कसली फुकटची मातब्बरी? उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने तर टपालखर्चही स्वतः सोसून जगभर सीडी घरपोच पाठवल्या. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. त्यातल्या किती सीडी ड्राइव्हमध्ये गेल्या आणि किती कबुतरं हाकलायला बाल्कनीत लटकल्या, याचा हिशेब कंपनीकडेही नसावा.

काका चुकून तयार झालेच, तर लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी उबुंटू घ्यायचं, मिंट, फेडोरा की डेबियन? हे दोन प्रचारकांसमोर कधीही विचारू नये. त्यांची जुंपते आणि काका आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

म्युनिकमध्ये मात्र प्रचार जिंकला होता. २००३ मध्ये तिथल्या महापालिकेने लिनक्सचा विचार सुरू केला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुटी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले. सवलत देऊ केली, तरी पालिका बधली नाही. दहा वर्षांत सुमारे १५,००० कॉम्प्युटर लिनक्सवर आणले. आणि २०१७ मध्ये नगरसेवकांनी पुन्हा विंडोजवर जायचं ठरवलं! कर्मचाऱ्यांची कुरकुर तत्त्वाबद्दल नव्हतीच. बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, असली होती. म्हणजे शेवटी म्युनिकमध्येही काकाच.

याउलट केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात, त्यामुळे त्यांना जुनी सवय मोडावी लागत नाही. काकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. तो घेताना त्यांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कितीतरी धडधाकट मशीन भंगाराच्या वाटेला लागली. प्रचारकांनो, संधी चांगली आहे. पंगतीतलं भाषण आवरा. पेनड्राइव्ह घेऊन काकांच्या घरी जा, हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करा, काकांच्याच दोन फायली उघडून दाखवा. आणि त्यांचे हिशेब विंडोजसाठीच बनलेल्या टॅलीवर असतील, तर ‘विंडोज राहू द्या’ हे स्वतःहून सांगा.