बाहेरचे खाद्यपदार्थ

हॉटेलात गेलं की पदार्थ समोर येईपर्यंत मी भिंतीवरच्या पाट्या वाचते. 'सुट्ट्या पैशांवरून वाद घालू नये', 'आपल्या सामानाची काळजी आपण घ्यावी', 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणून खाऊ नयेत'. या तिसऱ्या पाटीला अजिबात न जुमानणारं एकच गिऱ्हाईक मला माहीत आहे. ते नुकतंच मान धरायला लागलेलं असतं, मेन्यूकार्ड हाती लागलंच तर चाटून बघतं आणि जेवण कसलं, जेवण करणारीलाच बरोबर घेऊन येतं. वाढायला उशीर झाला तर असा काही सूर लावतं की गल्ल्यावरचा मालकही नोटा मोजायचा थांबतो.

एरवी कुणी डब्यातून घरचं थालीपीठ काढलं तर मॅनेजर लगबगीनं येऊन पाटीकडे बोट दाखवतो. या गिऱ्हाइकाला पाटी दाखवायची मात्र कुणाची छाती होत नाही. मग पाटी सोडून बाकीचं सगळं होतं.

बाळ रडायला लागलं की हॉटेलातल्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. शेजारच्या टेबलावरच्या आजी सांगतात, "भूक लागलीय गं त्याला." मागून कुणी म्हणतं, "पोटात दुखत असेल." "दात येताहेत," असाही एक आवाज येतो, बाळ दोन महिन्यांचं असलं तरी येतो. शेवटी बहुमत भुकेच्या बाजूनं जातं. अनोळखी माणसांचं इतक्या झटपट एकमत होणारा दुसरा कुठला विषय आपल्याकडे शिल्लक राहिलेला नाही. पण आईनं त्या ठरावाची अंमलबजावणी सुरू केली रे केली की सभा उधळते. रडणं सार्वजनिक चालतं, पिणं मात्र खासगीत व्हावं, अशी सगळ्यांची अपेक्षा.

माझी लेक आमच्या नातीला घेऊन बाळंतपणानंतर प्रथमच बाहेर पडली, तेव्हा आम्ही डेक्कनजवळच्या एका उडप्याकडे गेलो होतो. नातीनं सूर लावला, लेकीनं तिला मांडीवर आडवं घेतलं. वेटर लगेच हजर. सांबाराची वाटी हातात, नजर छताला. "ताई, वर एसी फॅमिली रूम रिकामी आहे."

"वर डोशाचा भाव वेगळा आहे ना?" लेकीनं विचारलं.

"आहे थोडा."

"आणि ही तर डोसा खाणारच नाहीये. मग खालीच बरं."

वेटर गेला. आमच्या 'ह्यां'नी मेन्यूकार्ड उघडलं आणि शिऱ्यापासून जीएसटीच्या ओळीपर्यंत इतकं मन लावून वाचलं की चाळीस वर्षांच्या संसारात माझं एक पत्र तसं वाचलेलं मला आठवत नाही. पलीकडचे एक गृहस्थ पंख्याचं निरीक्षण करत होते. पंखा बंद होता.

तेव्हापासून मी बघते आहे. म्हणजे आईकडे नाही, बघणाऱ्यांकडे. टक लावून पाहणारे असतात, नाही असं नाही. पण त्यांची संख्या वाटते तेवढी नसते आणि एखाद्या आजीनं त्यांच्याकडे तशीच टक लावली की ते आटोपतं घेतात. त्याहून मोठी जमात न बघणाऱ्यांची. ही माणसं इतक्या जोरात न बघत असतात की ती काय बघत नाहीयेत हे साऱ्या हॉटेलाला कळतं. तिसरी जमात मदत करणाऱ्यांची, आणि ही बहुतेक आपल्या बायकांची. एखादी मावशी स्वतःची ओढणी पसरून पहारेकऱ्यासारखी उभी राहते, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही जातं. दुसरी विचारते, "दूध पुरतं का गं? वरचं सुरू केलं नाहीस ना?" मग शतावरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असा आहार तिथंच ठरतो. ज्या गोष्टीकडे पाहायचंही नाही, तिचं प्रमाण, वेळ आणि दर्जा यांची जाहीर चौकशी मात्र चालते.

यांतलं कुणीही वाईट नाही, हीच खरी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. ओढणी धरून उभ्या राहिलेल्या मावशीशी कसं भांडणार?

माझ्या आजीच्या पिढीला हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही. नऊवारीचा पदर आणि पुढं गाठ मारलेली चोळी असा तिचा सरंजाम होता. बाजारात, एसटीत, कीर्तनात, लग्नाच्या पंगतीत पोर कुरकुरलं की ते पदराखाली जाई, आणि समोरच्या माणसाशी चाललेलं कांद्याच्या भावाचं बोलणं तसंच पुढं चालू राही. 'अंगावर पितं का?' हा प्रश्न 'शाळेत जातो का?' इतक्याच सहजपणे विचारला जाई. त्या काळी बायकांवर बंधनं भरपूर होती, घागरभर पाणी आणायलाही सोबत लागे. पण या एका बाबतीत समाजानं आपली नजर आपल्या ताब्यात ठेवली होती. पुढं नऊवारीची पाचवारी झाली, पाचवारीचा कुर्ता झाला, कुर्त्यावरची ओढणी घरी राहायला लागली. कपड्यातून पदर गेला, लोकांच्या मनातला मात्र तसाच राहिला, आणि आता ते तो आईकडे मागताहेत. एप्रिलच्या उकाड्यात बाळाला जाड स्टोलखाली झाकायला सांगणाऱ्यानं एकदा स्वतःची मिसळ चादरीखाली बसून खाऊन पाहावी.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. लंडनच्या क्लॅरिजेस या नामांकित हॉटेलात डिसेंबर २०१४ मध्ये चहा घ्यायला आलेल्या एका आईला बाळ पाजताना भल्यामोठ्या नॅपकिननं झाकून घ्यायला सांगितलं गेलं. ज्या देशात २०१० च्या समानता कायद्यानं अशा आईला वेगळी वागणूक देणं बेकायदा ठरवलं होतं, त्याच देशात हे घडलं. नायजेल फराज नावाच्या पुढाऱ्यानं, तिनं कोपऱ्यात बसावं, असंही सुचवून पाहिलं. मग काही दिवसांत बऱ्याच आया आपापली पोरं घेऊन त्या हॉटेलाबाहेर आल्या आणि थंडीत बसून सगळ्यांनी एकदमच पाजायला घेतलं. आत एक आई चालत नव्हती, बाहेर रांग लागली. आपल्या केरळात २०१८ साली 'गृहलक्ष्मी' मासिकानं मुखपृष्ठावर बाळाला पाजणारी स्त्री छापली आणि टक लावून पाहू नका, असं लोकांना सांगितलं. लोकांनी मुखपृष्ठ टक लावून पाहिलं आणि प्रकरण न्यायालयात नेलं. उच्च न्यायालयाला त्यात अश्लील काही आढळलं नाही.

महाराष्ट्रात तर या विषयाला साक्षात दैवत आहे. हिरकणीची कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. रायगडावर दूध विकायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं तान्हं, आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथं बुरूज बांधला, असं कथा सांगते. बुरूज का, तर तिथून कुणी चढू-उतरू नये म्हणून. गडाच्या संरक्षणाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण पाजायला निघालेल्या आईची दखल म्हणून प्रशासनानं प्रथम काय केलं असेल, तर तिचा रस्ता बंद केला! दुसऱ्या कुणा हिरकणीचं पोर खाली रडत असतं तर तिनं काय करायचं, हे कथेत येत नाही.

पुढं एसटीनं तिचं नाव आपल्या निमआराम गाडीला दिलं आणि स्थानकावर मातांसाठी 'हिरकणी कक्ष' काढले. कल्पना फार चांगली. काही कक्ष खरोखर नीटनेटके असतात; काहींत आधीच झाडू, बादल्या आणि मोडकी बाकडी बसलेली असतात, आणि काहींना कुलूप. चावी कुणाकडे, हे विचारत फिरेपर्यंत बाळानं स्थानक डोक्यावर घेतलेलं असतं. आमदारही यातून सुटल्या नाहीत. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा त्यांचं राज्यभर कौतुक झालं आणि विधान भवनात हिरकणी कक्ष आला. त्यानंतर मुंबईच्या अधिवेशनात त्यांना तिथल्या हिरकणी कक्षातल्या धुळीची तक्रार करावी लागली. कौतुक करायला एक दिवस पुरतो, केर रोज काढावा लागतो.

काही ठिकाणी या कक्षाच्या दारावर चित्र असतं बाटलीचं. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण आईचं दूध पाजायच्या खोलीवर बाटली दिमाखात झळकते. आईचं चित्र काढायला चित्रकार लाजला असणार. बाळ तसं लाजत नाही. जन्मल्यापासूनचे पहिले काही आठवडे ते चोवीस तासांत आठ ते बारा वेळा मागतं, आणि सहा महिने त्याला दुसरं काही द्यायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर ऑगस्टचा पहिला आठवडा आपण स्तनपान सप्ताह म्हणून साजरा करतो. फलक, भाषणं, 'आईचे दूध म्हणजे अमृत'. सप्ताह संपला की त्या अमृताचं वाटप घरीच करावं, असं ठरतं. म्हणजे हिशेब सोपा आहे: दिवसातून आठ-बारा वेळा जिनं घरीच असायला हवं, तिनं बाहेर पडायचंच नाही. कुणी तोंडानं तसं म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही.

कायद्यानं आपल्या परीनं केलं आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं नोकरदार आईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांच्या खंडपीठानं सार्वजनिक इमारतींत अशा खोल्या असाव्यात असं सांगितलं, आणि उघड्यावर पाजणाऱ्या आईकडे लांच्छन म्हणून पाहू नये, असंही बजावलं. यातलं पहिलं सरकारनं करायचं आहे. त्यासाठी निविदा निघतील, फरशी बसेल, फीत कापली जाईल. दुसऱ्याची निविदा निघत नाही, कारण ते काम तुमच्या-माझ्याकडे आहे.

आणि या कामाला थोडं शास्त्रही आहे. अनोळखी माणूस धार काढायला बसला की गाय पान्हा चोरते, हे गावाकडे शेंबडं पोरही जाणतं; म्हणून गोठ्यात कुणी गर्दी करत नाही. आईच्या शरीरातही पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं आणि धास्तीनं, संकोचानं ते अडतं. दहा डोळे रोखलेले असले की दूध उशिरा उतरतं, दूध उतरत नाही म्हणून बाळ रडतं, आणि बाळ रडतं म्हणून आणखी दहा डोळे वळतात. लोकांना लवकर आटोपायला हवं असतं, आणि लांबवतातही तेच.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या उडप्याच्या हॉटेलाशेजारी इमारतीचं काम चाललं होतं. तिथं वाळूच्या ढिगापाशी एक मजूरबाई पोराला घेऊन पाजत बसलेली. रस्ता वाहता. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, कुणी पंख्याकडेही बघत नव्हतं. तिला कुणी फॅमिली रूम सुचवली नाही आणि कुणी ओढणीही धरली नाही. ज्या दुर्लक्षाची माझ्या लेकीला गरज होती ते तिला भरपूर मिळत होतं. सावली, पाणी आणि टेकायला भिंत मात्र मिळत नव्हती. एकीला आपण नको तेवढं पाहतो, दुसरीला मुळीच पाहत नाही. उद्या हिरकणी कक्षाची संख्या मोजायची वेळ आली, तर बांधकामांवरचे, ऊसतोडीच्या फडांवरचे आणि वीटभट्ट्यांवरचे आधी मोजावेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जिला खोली हवी असेल तिला स्वच्छ खोली मिळावी, संडासाला लागून नव्हे, आणि तिला कुलूप बाहेरून नसावं, आतून कडी असावी. जिला खोली नको असेल तिला जिथं बसली आहे तिथं बसू द्यावं. आणि पुढच्या वेळी हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणी बाळाला पाजायला घेतलं, तर पंखा बघू नका, मेन्यूकार्ड पाठ करू नका, शतावरीची चौकशीही करू नका. पाजताना बाईला तहान फार लागते आणि तिचे हात अडकलेले असतात. तिचा ग्लास रिकामा दिसला तर वेटरला हाक मारून पाणी मागवा. मग आपल्या ताटाकडे वळा. तुमचा डोसा गार होतोय, तो खा.