अवघड जागेचं दुखणं

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्याने केली तो मस्कतला कधी आला नसावा. इथे जावई असण्याचीही गरज नाही, डॉक्टर ओळखीचाच निघतो. रुवीच्या दवाखान्यात नाडी बघणारा माणूस गणेशोत्सवात आपल्या शेजारी उभा राहून झांजा वाजवतो, आणि त्याची बायको आपल्या बायकोच्या भिशीत असते. अशा माणसाला 'बसलं की खाली दुखतं' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून पन्नाशीच्या आसपासचे आम्ही मराठी पुरुष गुडघा, शुगर आणि कोलेस्टेरॉल यांवर माईक लावून बोलतो, आणि प्रोस्टेटचा कारभार झाडाझुडपांकडे गुपचूप सोपवतो.

प्रोस्टेटचं हे दुखणंही असं चिवट, की बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफी सज्जन निघते, आणि ठणका मात्र महिनोन् महिने मुक्काम ठोकतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात, आणि आपण उशीवर बसून वरणभात खात असतो.

ओमानमधलं पहिलं औषध अर्थातच लोबान. धोफारच्या डोंगरांत बोस्वेलिया सॅक्रा नावाचं झाड आहे. त्याची साल खरवडली की चीक गळतो आणि वाळून खडे होतात. त्यातला हिरवट, पारदर्शक 'होजरी' सर्वांत उंची. ओमानी लोक तो रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पितात. मुत्रहच्या सूकमध्ये मी मागायला गेलो, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "पोटासाठी?" मी म्हटलं, "पोटासाठी." पोट हा फार उदार अवयव आहे, शेजारपाजारच्या सगळ्यांची नावं तो आपल्यावर घेतो. पाणी प्यायलो. तोंडाला देवळाचा वास आला, बाकी सगळं जिथल्या तिथे. पुढे वाचनात आलं, की सूज कमी करण्याचं श्रेय ज्या बोस्वेलिक आम्लांना देतात, ती पाण्यात जेमतेमच उतरतात. शिवाय याच झाडाची सख्खी चुलत बहीण, सालई, आपल्या मेळघाटात उभी आहे. म्हणजे विमानाचं तिकीट वाया.

दुसरं औषध पुण्याहून आलं, मेव्हण्याच्या बॅगेतून, चिवड्याच्या पुड्यांखाली दडवून : गोखरूचं चूर्ण. गोखरू म्हणजे सराटा. लहानपणी ज्याने माझ्या सायकलीच्या ट्यूबची चाळण केली, तोच आता माझी नळदुरुस्ती करणार होता! सोबत चंद्रप्रभा वटी. 'अहो, शुद्ध वनस्पती आहे,' असं मेव्हण्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं. तिच्यात लोहभस्म आणि शिलाजीत असतं. ही कुठल्या कुंडीत उगवतात ते मेव्हण्याला ठाऊक.

अमेरिकेतल्या भाच्याने सॉ पाल्मेटो पाठवलं. फ्लोरिडाकडच्या बुटक्या ताडाची ही फळं प्रोस्टेटच्या बाजारातली सर्वांत मोठी नटी. पण 2004 साली या दुखण्याच्या रुग्णांना ती वर्षभर देऊन पाहिली, तेव्हा हाती काही लागलं नाही. प्रोस्टेट वाढलेल्यांवर 2011 मध्ये तिप्पट डोसाची मोठी चाचणी झाली. तिथेही ती खोट्या गोळीपुढे सरस ठरली नाही. बाटलीवरचा ताड मात्र देखणा आहे.

थोडीफार बाजू घेता येते ती दोघांची. एक, राय नावाच्या धान्याच्या परागांचा अर्क. जर्मनीत 12 आठवडे दिला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा दुखणं अधिक उतरलं. दुसरं क्वेर्सेटिन. 1999 च्या एका छोट्या चाचणीत 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनाभर दिलं. 67 टक्के रुग्णांना बरं वाटलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत 20 टक्क्यांना. क्वेर्सेटिन कांद्यात असतं हे कळल्यावर बायकोने पोह्यांत कांदा वाढवला. तेवढा डोस गाठायला रोज काही किलो कांदा लागेल, हे मी तिला सांगितलं नाही. पोहे छान झाले होते.

फुकटात मिळणारा उपाय या शहरानेच दिला. कोमट पाण्यात कंबर बुडवून बसायचं. मस्कतमध्ये जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणीच इतकं तापलेलं येतं, की आंघोळीसाठी ते आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावं लागतं. कटिस्नानाला गीझर कशाला? दुसरा उपाय कुठल्याच झाडाला लागत नाही. अनेकांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुठीसारखे आवळलेले असतात, ते सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सलालापर्यंत हजार किलोमीटर एका बैठकीत गाडी हाकण्याचा पराक्रम मित्रांना ऐकवायला बरा, त्या स्नायूंना नाही.

तेव्हा मराठी मंडळातल्या बंधूंनो, लोबान जाळा, घर छान दरवळतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलंही चूर्ण डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. ताप आला, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. आणि ओळखीच्या डॉक्टरची लाज वाटत असेल तर सरळ मल्याळी डॉक्टरकडे जा. तो आपल्या गणपतीत झांजा वाजवत नाही.