मागचा ब्रेक धरतो का?

पिट्सबर्ग, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पा आणि आईस,



परवा फोनवर नीट सांगता आलं नाही. आई, तुला पडद्यावर चाक नसलेली गाडी दिसली, तिच्याखालून बाहेर आलेले आमच्या सोन्याचे पाय दिसले, आणि तू "अगं बाई, लेकरू दबलं!" म्हणून ओरडलीस. लेकरू दबलं नव्हतं, हट्टाला पेटलं होतं. पाय दोन्हींत सारखेच दिसतात. आता कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहितो. पत्र आईनंच वाचून दाखवावं. पिंकी कन्नड शाळेतली, ती देवनागरी हिंदीच्या वळणानं वाचते आणि माझ्या वाक्यात मधेच "है" घुसवते.

पार्सल पोचलं. शेंगाचटणी सांडली नाही, तूरडाळीचा एक दाणा वाया गेला नाही. अक्काच्या कडक भाकरीही अख्ख्या आल्या. सोन्यानं एक उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "बाबा, ही डिस्क कोणत्या गाडीची?" अक्काला हे सांगू नका. सांगितलंतच तर माझं नाव घालू नका.

आता गाडी. १९९६ सालची फोर्ड रेंजर, पिकअप. पोरानं उन्हाळाभर काम करून ३,००० डॉलरला घेतली. आधीच्या मालकानं ती उंच केलेली, ३३ इंची टायर घातलेले. तुमची सून चढायला स्टूल मागते. टायर एवढाले, पण मागचे ब्रेक मूळचेच, नऊ इंची ड्रमचे. अप्पा, चाक जेवढं मोठं तेवढी त्याची ब्रेकवर दांडगाई जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात हे गाव म्हणजे नुसते चढउतार. इथं कँटन अ‍ॅव्हेन्यू नावाची एक गल्ली आहे, तिचा चढ ३७ टक्के. शंभर फूट पुढं जाताना माणूस सदतीस फूट वर जातो. तिथं हँडब्रेक लावून सोन्या उतरला, तर गाडीही हळूच त्याच्यामागं निघाली.

गॅरेजात विचारलं. मजुरी तासाला १६५ डॉलर. मागचा एक्सल डिस्कब्रेकसकट बदलायचे सगळे मिळून ३,२०० डॉलर. म्हणजे बैलापेक्षा वेसण महाग. रुपयांत किती होतात ते काढू नका. पिंकी, तूही मोबाईल खाली ठेव. मी त्या माणसाला म्हटलं, आमच्या हुमनाबादेत एवढ्या पैशात मिस्त्री गाडी करून देईल, वर जेवायला घालील. तो म्हणाला, "मग तिकडं न्या."

म्हणून आम्ही भंगारात गेलो. इथं भंगारवाला सुटा माल देत नाही. दोन डॉलर देऊन आत जायचं, आपल्या पान्यानं आपण खोलायचं. या रेंजरला १९९५ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोररचं मागचं हौसिंग, म्हणजे एक्सलच, चालतं. आमच्यात साडेसात इंची क्राऊन, शाफ्टला २८ दाते. त्यात ८.८ इंची क्राऊन, ३१ दाते, आणि वर डिस्कब्रेक. चाकाचे पाच बोल्ट दोन्हींत सारखे, साडेचार इंची वर्तुळात. आपल्या जिल्ह्यासारखंच. १९५६ ला हैदराबादेतून काढून म्हैसूरला जोडला, पहाणी कन्नडात आली, भांडणं मराठीतच राहिली, बोल्ट तेवढे जुळले.

चार तास खपून हौसिंग काढलं, घरी आणलं, तुम्हाला फोन लावला. तुम्ही ना कौतुक केलंत ना काही. एवढंच विचारलंत, "पुढचं-मागचं जुळतंय का?" जुळत नव्हतं! दात्यांचं प्रमाण पुढं ३.७३, मागं आणलेलं ३.५५. चारही चाकांवर घातली असती तर एका जुवाला देवणी आणि खिलार जुंपल्यासारखं झालं असतं, दोघं ओढून जू मोडतात. परत गेलो. या वेळी आधी दाराच्या चौकटीवरची चिकटपट्टी वाचली. 'डी४' लिहिलेलं सापडलं, म्हणजे ३.७३. पुन्हा चार तास. हौसिंगचं जुनं तेल अंगावर सांडलं, त्याचा वास तीन दिवस गेला नाही. तुमची सून म्हणाली, माहेरी जाते. माहेर भालकीला, म्हणून वाचलो.

आता इथला नियम ऐका. आमच्या वसाहतीची एक सोसायटी आहे. आपल्या घरापुढं, आपल्या जागेत, आपली गाडी जॅकवर २४ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही. रस्त्यावरून दिसेल असं तेलापाण्याचं काम करायचं नाही. दुसऱ्याच दिवशी नोटीस आली, सोबत आमच्याच गाडीचा फोटो! फोटोत माझी पाठ आणि बनियनचं भोक स्वच्छ आलंय. दारांचा रंग कोणता, कचऱ्याचा डबा किती वाजता आत, गवत किती बोटं, सगळं लिहिलेलं आहे. धुणं वाळत घालायलाही मनाई. आईनं इथं पापड घातले असते तर आम्हाला हद्दपार केलं असतं.

नियमाचं मला एवढं वाईट वाटलं नाही, अप्पा. वाईट वाटलं ते वेगळंच. आपल्याकडं जीप जॅकवर चढली की अर्धी गल्ली जमायची. एकानं टॉमी धरायची, एकानं बिडी, आणि बाकीच्या आठांनी सल्ला द्यायचा. बाळूकाका तर नट सुटल्यावर "मी म्हणलो होतो" म्हणायलाच यायचा. इथं मी दोन दिवस गाडीखाली पडून होतो. रस्त्यानं माणसं गेली, हसून हात हलवून गेली. "काय झालं हो?" म्हणून एकानं विचारलं नाही. एकानं फोटो तेवढा काढला.

पण शेजारचा म्हातारा आला. पोलादाच्या कारखान्यात जन्म गेलेला. म्हणाला, माझ्या गॅरेजात आणा, वेल्डिंग माझ्याकडं आहे. वेल्डिंग लागणारच होतं. एक्सप्लोररमध्ये कमानपाटे हौसिंगच्या खालून जातात, रेंजरमध्ये वरून. म्हणजे पाट्यांची जुनी बैठक कापायची, नवी उलट बाजूला मारायची. तेव्हाच तुमचा व्हिडिओ कॉल आला. तुम्ही मराठीत, तो इंग्रजीत. तुम्ही तळहात तिरपा करून दाखवलात, त्यानं मान डोलावली. "आधी नुसते टाके मार, गाडी चाकांवर उतरव, हौसिंगचं नाक किती वर येतं बघ, मगच पक्कं जोड. नाहीतर क्रॉस खाईल." मी भाषांतर करायच्या आत त्यानं टाके मारले होते. नंतर विचारतो, "तुझे वडील इंजिनिअर?" मी म्हटलं, हुमनाबाद-चिटगुप्पा वडाप. त्यानं आदरानं टोपी काढली.

यू-बोल्ट नवे घातले. जुने पुन्हा वापरायचे नाहीत हे तुमचं वाक्य सोन्याच्या तोंडून ऐकलं, इंग्रजीत.

आई, डिस्क आणि ड्रममधला फरक तू विचारला होतास. पातेलं आतून हात फाकवून धरलं तर तो ड्रम. भाकरी चिमट्यात धरली तर ती डिस्क. चिमटा लवकर धरतो आणि तापला तरी लवकर निवतो. हँडब्रेकसाठी मात्र त्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतोच. म्हणजे भाकरीखाली पातेलं. इथं वर्षातून एकदा गाडी तपासून काचेला चिकटपट्टी लावतात, त्यात हँडब्रेकही बघतात. यंदा पट्टी मिळाली. काळी बाहुलीही बांधली आहे. दोन्हींपैकी कशानं पास झालो ते सांगता येत नाही.

आता तिकडचं. पिंकीला बघायला आलेला मुलगा उदगीरचा, म्हणजे महाराष्ट्रातला, म्हणून शकूआत्या फुगली म्हणे. तिला म्हणावं, मुलगा बघ, सीमा नको बघू. उसाचे पैसे आले का? बाळूकाकानं बांध पुन्हा कोरला असेल तर भांडू नका, त्याला नुसतं "मी म्हणलो होतो" म्हणा. दत्त जयंतीला माणिकनगरला जाल तेव्हा प्रसाद वेगळा काढून ठेवा. जानेवारीत वीरभद्रेश्वराच्या जत्रेलाही यायचं जमत नाही. पोराची परीक्षा. दर वर्षी कुणाची तरी असते.

शेवटचं काम ब्रेकमधली हवा काढायचं. हात आधी मागच्या डाव्या चाकाकडं गेला, जीपच्या सवयीनं. इथं ड्रायव्हर डावीकडं, म्हणून लांबचं चाक उजवं. मी खाली, सोन्या पेडलवर. आणि तोंडातून निघालं, "दाब… धर… सोड." त्याला मराठी धड येत नाही म्हणून आम्ही रडत असतो, पण हे त्यानं बिनचूक केलं. चाळीस वर्षांपूर्वी पेडलवर मी होतो, पाय पोचत नव्हते, म्हणून तुम्ही पाठीमागं उशी दिली होती. खालून फक्त आवाज यायचा. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. सोन्या वरून विचारतो, "बाबा, सोडू?" म्हटलं, थांब जरा, डोळ्यात ब्रेकऑइल गेलं.

कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, डाळ लागली.

अप्पा, तुम्ही आजवर फोनवर मला कसा आहेस म्हणून विचारलं नाहीत. मागचा ब्रेक धरतो का, एवढंच. धरतो. कँटन अ‍ॅव्हेन्यूवर नाही, पण आमच्या चढावर गाडी उभी राहते. आता तुम्ही सांगा. आई फोन ठेवता ठेवता पुटपुटली की तुम्ही ओढ्याच्या उतारावर टीव्हीएससकट पाण्याच्या टाकीला भेटलात. तुमचा मागचा ब्रेक धरतो का?

तुमचा,
बंडू